मेश्रामबाईंचा पळता रेडिओ

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात शिक्षिकांची धावण्याची शर्यत व्हायची, ती खरं तर मुलींना पोटभर हसायला मिळावं म्हणून. आम्ही सगळ्याजणी पदर खोचून, चपला कडेला काढून रांगेत उभ्या राहायचो, शिट्टी झाली की दहा पावलं पळायचो आणि मग एकमेकींना धरून हसत हसत चालतच शेवटपर्यंत जायचो. त्या वर्षी मी पाय लचकल्याचं निमित्त सांगून शेवटच्या रेषेवर फीत धरायला उभी राहिले होते. त्यामुळे जे झालं ते मला अगदी समोरून दिसलं.

मैदानाच्या कडेला मुलींचा बँड वाजत होता. चार ढोल, दोन बिगुलं आणि झांजा. शिट्टी झाली, आणि नेहमीप्रमाणे सगळ्याजणी दहा पावलांत दमल्या. एक सोडून. शिवणाच्या मेश्रामबाई. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. उंच, काटक, एरवी दिवसभर वर्गाच्या खिडकीपाशी मशीनवर मान घालून बसलेल्या. त्या माझ्या हातातली फीत छातीने तोडून पुढे गेल्या आणि थांबल्याच नाहीत. मैदानाला एक वळसा घातला. दुसरा घातला. मुली आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या, मग नुसत्या बघत राहिल्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, खुर्चीतून उठून म्हणाल्या, "अहो, त्यांना कुणीतरी थांबवा!" मी दोन्ही हात हलवले. त्या माझ्या अंगावरून वाऱ्यासारख्या निघून गेल्या. शेवटी कुणाला तरी सुचलं आणि बँडच्या मुलींना खूण केली. ढोल बंद झाला तशा मेश्रामबाई दोन पावलांत जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय झालं हो तुम्हाला?" मी धावत जाऊन विचारलं.

"मले काय माहीत?" त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. त्यांना धाप लागलेली नव्हती, आश्चर्य वाटत होतं. "बाजा वाजून राहिला होता, तं पाय थांबेचनात. तो थांबला, मी थांबली."

ही साठच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी तेव्हा मराठी शिकवायचे आणि त्या शिवण. दुपारच्या सुट्टीत आमचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. त्या दिवसानंतर त्यांच्या डब्यापेक्षा त्यांच्या बोलण्याचीच मी वाट पाहायला लागले.

वत्सला मेश्राम मूळच्या खाप्याच्या. तिथल्या कन्हान नदीच्या वाळूत पळण्यात आपल्याला कोणी पोट्टं हरवू शकत नव्हतं, असं त्या अगदी साधेपणाने सांगत, जसं कुणी आपल्याला गूळ आवडतो म्हणून सांगावं. लग्न होऊन नागपुरात आल्या, पळणं संपलं. यजमान नामदेवराव लकडगंजात आरा मशीनवर होते, लाकडं कापण्याच्या. ठेंगणे, हसरे, डोक्याला कायम भुसा. पंधरा-वीस वर्षं त्या करवतीच्या कर्कश आवाजात उभं राहून त्यांचे कान हळूहळू जात चालले होते. त्यांनी मोठ्या हौसेने एक ट्रान्झिस्टर घेतला होता, चामड्याच्या तपकिरी वेष्टणातला. रोज संध्याकाळी तो कानाशी धरून बसायचे. मग कानाला चिकटवून. मग एके दिवशी त्यांनी तो बायकोच्या मांडीवर ठेवला.

"मले म्हणाले, यातलं गाणं आता मले धुरावानी येते, पण पकडता येत नाही," मेश्रामबाईंनी मला सांगितलं. "तं तू आयक. मी म्हटलं, मी बसून काय आयकू? बसलेल्या माणसाले गाणं अर्धंच आयकू येते. ते म्हणाले, मंग पळ."

इतकं सरळ होतं ते त्यांच्या घरात.

मेश्रामबाईंनी मग शाळेच्या शिवणवर्गात उरलेल्या खाकी जाड कापडाची एक झोळी शिवली. दोन खांद्यांवरून पट्टे, कमरेला नाडी, मधे ट्रान्झिस्टरच्या मापाचा कप्पा, आवाज बाहेर यावा म्हणून त्याला जाळी, आणि घाम लागू नये म्हणून मागून मेणकापड. शिलाई अशी की बघत राहावं. साडीच्या आत घालायला घोट्यापर्यंतची विजार शिवली, साडी पोटरीपर्यंत वर खोचली, पायात कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि रोज पहाटे उजाडता उजाडता त्या घराबाहेर पडायला लागल्या. लांबून वाटायचं, बाई पाठीला मूल बांधून पळते आहे आणि मूल भजन म्हणतं आहे.

रेडिओवर जे लागेल तसं त्यांचं पळणं. भजनाला सावकाश, झांजा वाढल्या की भराभर. शास्त्रीय गाणं लागलं तर आलापाला त्या जवळजवळ चालत, आणि तबला दुपटीत आला की रस्त्यावरच्या सायकली मागे टाकत. बातम्यांना मात्र पळायच्या नाहीत. "बातम्यांवर कोण पळते? आयकूनच पाय जड होतात." शेतकऱ्यांना सल्ला लागला की झपझप चालणं. त्या सल्ल्यांच्या जोरावर त्या खाप्याच्या भावाला कपाशीवर कधी काय फवारायचं ते पत्राने कळवायच्या, आणि भाऊ ते ऐकायचाही.

अंतरं त्या गाण्यांत मोजायला लागल्या. मी नवीन घर घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "माझ्या घरापासून किती?" मी म्हटलं, मैलभर असेल. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाल्या, "तीन गाणी आन् एक जाहिरात. जवळच आहे, येत जाईन."

लोक बोलले, नाही असं नाही. एका मुलीच्या आईने शाळेत येऊन तक्रार केली की मास्तरीणबाईंनी असं रस्त्याने उंडारणं शोभत नाही. मोठ्या बाईंनी मेश्रामबाईंना बोलावलं. मी शेजारच्या टेबलावर वह्या तपासत होते.

"तुमचं हे सकाळचं... काही दिवस बंद ठेवता का?"

"काहून बाई? शाळेत उशिरा येते का मी?"

"नाही."

"काम कमी करते?"

"नाही हो. पण लोकांना खटकतं."

मेश्रामबाईंनी थोडा विचार केला. "त्यायले म्हणा, कोणतं गाणं खटकते ते सांगा. त्या गाण्याले मी दुसऱ्या गल्लीनं जाईन."

मोठ्या बाई हसू आवरायला खिडकीकडे वळल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पोलिसांचं प्रकरण मात्र जरा गंभीर झालं होतं. आमच्या भागात चोऱ्या होत होत्या आणि चौकीत एक नवे हवालदार बदलून आले होते. हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी त्यांना एक व्यक्ती रेडिओ घेऊन जोरात पळताना दिसली. त्यांना जे वाटायचं ते वाटलं. ते "रुको! रुको!" म्हणत मागे पळाले. मेश्रामबाईंना वाटलं, हा माणूस गाणं ऐकायला येतो आहे. अशी मंडळी अधूनमधून भेटायचीच. ऑस्ट्रेलियातल्या कसोटीच्या दिवसांत तर धावफलक ऐकायला सात-आठ पुरुष त्यांच्या मागे धापा टाकत पळायचे. म्हणून त्यांनी मागे न बघता आवाज थोडा वाढवला आणि वेगही. गाणं संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. हवालदार चिडले ते त्यामुळे.

मेश्रामबाईंना चौकीत बसवलं आहे असा निरोप घेऊन शाळेत शिपाई आला, तशी मी रिक्षाने चौकीत गेले. मेश्रामबाई बाकावर ताठ बसलेल्या, रेडिओ टेबलावर, आणि हवालदार अजून घाम पुसत होते.

"इनका लायसन कहाँ है?" त्यांनी मलाच विचारलं. त्या काळी रेडिओला परवाना लागायचा, पोस्टातून दरवर्षी नवा करून घ्यावा लागायचा.

"लायसन घरी आहे, यायच्या नावानं," मेश्रामबाई नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "पाठवलं आहे मी बोलावणं."

नामदेवराव आले ते आरा मशीनवरून तसेच, भुशाने माखलेले, हातात परवान्याची घडी. हवालदारांनी विचारलं, "ये रेडिओ आपका है?"

"नाही, पायी आलो," नामदेवराव म्हणाले. "सायकल पंक्चर आहे."

"रेडिओ! रेडिओ किसका है?"

"हो, हो, सेल नवेच टाकले."

मेश्रामबाई उठल्या, त्यांच्या कानाशी गेल्या आणि ओरडल्या, "विचारून राहिले, रेडिओ कोणाचा?"

नामदेवरावांनी आधी हवालदारांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रेडिओकडे. परवाना उलगडून समोर ठेवला. त्यावर त्यांचं नाव होतं, सही होती. "कागद माझा आहे, साहेब," ते म्हणाले. "रेडिओ हिचा."

हवालदार बराच वेळ तो कागद वाचत राहिले. मग त्यांनी रेडिओ स्वतः उचलून झोळीत घातला आणि मेश्रामबाईंना म्हणाले, "बाईजी, कल से लायसन साथ रखो. और जब कोई रुको बोले, तो रुको." दुसऱ्या दिवशी झोळीला आतून एक लहानसा खिसा शिवलेला होता, परवान्यासाठी. रुकायचं मात्र त्यांना पुढेही जमलं नाही.

सकाळी घरी परतल्यावर नामदेवरावांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. चहाची बशी हातात धरून ते विचारायचे, "आज काय काय लागलं?" मेश्रामबाई त्यांच्या शेजारी पाटावर बसून एकेक गाणं सांगायच्या. शब्द मोठ्याने कानात, आणि ठेका त्यांच्या तळहातावर बोटांनी. ते डोळे मिटून घ्यायचे. एखादं जुनं ओळखीचं निघालं की म्हणायचे, "अवं, हे तं मले येते!" आणि बशीतला चहा सांडायचा. मी एकदोनदा त्या वेळी तिथे गेले आहे आणि दारातूनच परत फिरले आहे. कुणी हाकललं नव्हतं. पण दोघांचं काम चाललेलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका क्रीडा मंडळाने बायकांसाठी शर्यत ठेवली. पाच किलोमीटर, रविवारी सकाळी, आमच्या शाळेच्या मैदानापासून लकडगंजातून फिरून परत. मेश्रामबाईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. महिनाभर त्या काय खातात इथपासून किती वाजता झोपतात इथपर्यंत सगळ्या शिक्षकखोलीला माहीत होतं. शर्यतीच्या पाच दिवस आधी मंडळाचा माणूस नियम सांगून गेला: हातात, खांद्यावर, पाठीवर कुठलीही वस्तू घेऊन धावता येणार नाही.

"पोरगं पाठीवर असतं तं?" मेश्रामबाईंनी विचारलं.

"तरी नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ घरी ठेवून पळून पाहिलं. दुपारी डबा न उघडताच बसल्या होत्या. "सुमनबाई," त्या म्हणाल्या, "अर्ध्यातच बसली मी एका ओट्यावर. सगळा आपलाच श्वास आयकू येते. आपला श्वास आयकला की वाटते, म्हातारी झाली आपण." इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पडलेला पाहिला. "नाव काढून घेते मी."

त्यांनी घरी हे नामदेवरावांच्या कानात ओरडून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, नाव राहू दे. पुढचे तीन दिवस आरा मशीन सुटल्यावर सायकलवरून ते शर्यतीचा सगळा रस्ता पालथा घालत होते. चहाची टपरी, पानठेला, लाँड्री, केशकर्तनालय, सायकलचं दुकान. जिथे रेडिओ आहे तिथे उतरायचे आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायचे, "रविवारी सात वाजता दुकान उघडा. सगळ्यायनं एकच स्टेशन लावा. आवाज फुल! माझी बायको पळून राहिली." लोक काही विचारत, ते त्यांना ऐकूच येत नसे, त्यामुळे कुणाला नाही म्हणायची सोयच नव्हती.

रविवारी मला पाणी द्यायला नेमकी लकडगंजात जागा मिळाली होती. लाकडांच्या वखारींच्या दोन लांबलचक भिंती आणि मधून रस्ता. रविवार म्हणून सगळं बंद. ना टपरी, ना ठेला. मी लिंबूपाण्याची बादली घेऊन उभी होते, आणि दूरवरून मला रेडिओ ऐकू यायला लागला. एक संपला की दुसरा, एकाच गाण्याचे तुकडे रस्त्याने माझ्याकडे चालत येत होते. तेवढ्यात वळणावरून त्या दिसल्या. सगळ्यांच्या पुढे! मागची मुलगी, विशीतली, चांगली पन्नास पावलं मागे.

मेश्रामबाई भिंतींच्या मधे शिरल्या आणि गाणं मागे पडत पडत विरून गेलं. मला त्यांची पावलं जड होताना दिसली. एक हात कमरेवर गेला. मागची मुलगी जवळ येत चालली.

आणि भिंतीपलीकडून कुणीतरी जोरात "पॅं पॅपॅं पॅं" केलं.

वखारीतल्या सागाच्या ओंडक्यांच्या ढिगावर नामदेवराव उभे होते. या तुकड्यात दुकान नाही हे त्यांच्या ध्यानात आलेलं होतं, आणि त्यांनी त्याचा बंदोबस्त केला होता. त्यांच्या लग्नात खाप्याला जो बँड आला होता, तो सगळाच्या सगळा ते एकटे वाजवत होते. तोंडाने पिपाणी, मांडीवर ढोल, मधेच डोक्यावरची टोपी काढून झांजेसारखी हातावर आपटत होते. सूर कशाला कशाचा लागत नव्हता. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून तो किती मोठा आहे याचाही पत्ता नव्हता. झाडावरचे कावळे उडाले.

मेश्रामबाईंनी वर पाहिलं. आधी त्यांचे पाय सुटले, अगदी त्या पहिल्या दिवसासारखे. आणि मग त्या हसायला लागल्या. पळता पळता हसायच्या, हसता हसता पळायच्या, डोळ्यांतून पाणी, पोटावर हात. "अवो, पुरे!" म्हणून ओरडत होत्या, जे त्यांना ऐकू जाण्याची शक्यताच नव्हती. मी पुढे केलेला ग्लास त्यांनी घेतला आणि हसण्यात माझ्याच अंगावर सांडला. ती विशीतली मुलगी बाजूने निघून गेली. मेश्रामबाई दुसऱ्या आल्या.

बक्षीस घेतानाही त्यांना हसू आवरत नव्हतं. "पहिली आली असती वं मी," त्या मला म्हणाल्या. "पण असा बाजा मंग कुठून आयकाले भेटला असता?"

पुढे बरीच वर्षं गेली. केस पांढरे झाले, पळणं थोडं मंद झालं, पण चुकलं नाही. नामदेवराव कामावरून निवृत्त झाले, कान पूर्णच गेले. ऐंशीच्या दशकात आखातात नोकरीला असलेल्या पुतण्याने काकूसाठी वॉकमन आणला. कमरेला अडकवायचा, कानांवर दोन काळे गोंडे. काकू आता आधुनिक झाल्या म्हणून आम्ही त्यांना चिडवलं. चार दिवस त्या ते लावून पळाल्या, पाचव्या दिवशी पुन्हा खाकी झोळी.

"काहून हो?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"रस्त्यानं भांडण केलं," त्या म्हणाल्या. "टपरीवाला म्हणे, बाई रेडिओ बिघडला का? झाडणारी मुक्ताबाई म्हणे, तुमच्या दुसऱ्या भजनाले मी कोपऱ्यावर येते, आज मले टाइमच समजला नाही. मले वाटलं, आपण चोरून खाऊन राहिलो." मग म्हणाल्या, "आन् त्या कॅसेटीत रोज तेच. घरी येऊन यायच्या हातावर काय वाजवू? कालचंच?"

शाळेतून मी निवृत्त झाले त्याच वर्षी आम्ही नागपूर सोडलं. मुलाकडे अकोल्याला राहायला निघालो. सामानाचा ट्रक सकाळी लवकर भरला आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले. रेल्वे फाटक बंद होतं. पुढे कडब्याच्या बैलगाड्यांची रांग. आदल्या संध्याकाळी मेश्रामबाईंकडे जाऊन मी निरोप घेऊन आले होते, रडून झालं होतं, तिळाचे लाडू पिशवीत होते. म्हणून खिडकीशी त्यांचा आवाज आला तेव्हा मी दचकलेच.

"अवं, अजून इथंच?"

त्या ट्रकच्या दाराशी उभ्या होत्या. उभ्या म्हणजे, जागच्या जागी पळत होत्या. पाठीवर रेडिओ, त्यावर कुणीतरी सतार वाजवत होतं.

"फाटक बंद आहे," मी म्हटलं.

"पत्र टाकशील ना?"

"टाकीन."

"लांब टाक. यायले वाचून दाखवायचं नाही लागत, ते स्वतः वाचतात. त्यायले आवडते."

गाडी धडधडत गेली, फाटक वर झालं. बैलगाड्या एकेक करत रुळांवरून कुरकुरत निघाल्या, आमचा ट्रक त्यांच्या मागे, माणसाच्या चालीने. मेश्रामबाईंनी खिडकीतून माझा हात घट्ट दाबला. तेवढ्यात सतारीबरोबर तबला सुरू झाला असावा, कारण त्यांची मान एकदम ताठ झाली आणि हात सुटला. "जाते वं मी," त्या म्हणाल्या.

निरोप द्यायला मी खिडकीतून मागे वळून पाहिलं, तर त्या मागे नव्हत्याच. ट्रकच्या पुढे गेल्या होत्या. कडब्याच्या एका गाडीला त्यांनी डावीकडून गाठलं, दुसरीला उजवीकडून. एका बैलाने मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, गाडीवाले त्याला काहीतरी ऐकवत होते, आणि आम्ही अजून फाटकातच अडकलेलो असताना ती पांढऱ्या बुटांची जोडी पुढच्या वळणावरून दिसेनाशी झाली.